पाठमोरे

मी माझ्या संघाला पाठीकडून ओळखतो.
पाच नंबर नंदेश्वर, उजवा खांदा किंचित खाली,
लहानपणी कोळशाच्या टालावर पाट्या उचलायचा म्हणून.
तीन नंबर पॅट्रिक. घाम फुटला की त्याच्या जर्सीवर
दर वेळी तोच नकाशा उमटायचा, खाली निमुळता होत गेलेला.
बाकीचे दूर, मुंग्यांएवढे, उन्हात थरथरणारे.
एकोणीस वर्षं ही पाठींची रांग पाहत उभा होतो
मोतीबागेत, कधी बिलासपूरला, कधी खडगपूरला.
तोंडं माझ्याकडे वळायची
ती गोल झाल्यावरच.

रेल्वेत लागलो तेव्हा साहेबानं विचारलं, शिक्षण?
म्हटलं, दहावी. गणित राहिलं.
मग येतं काय तुला?
फुलझेले सर मधेच बोलले,
"साहेब, या पोट्ट्याले भेता येत नाही."
खोटं होतं. मला भेता उत्तम येत होतं,
पळता येत नव्हतं.

पहिले पॅड गड्डीगोदामच्या पुसाराम चाचानं शिवले.
वेताच्या कामट्या, आत सरकीसकट कापूस,
वरून कुठल्याशा जुन्या जीपच्या सीटचं रेक्झिन.
चाचा म्हणाला, "आवाज येईन, दुखनार नाही."
दुखायचं.
आवाजही यायचा.

मग गवत गेलं, टर्फ आलं.
मॅचच्या आधी फवारे सुरू व्हायचे, मे महिन्यात,
पारा सत्तेचाळीसवर,
आणि तिकडे गिट्टीखदानला शकुन
दोन गुंड घेऊन टँकरच्या रांगेत.
मी हेल्मेटच्या जाळीतून ते पाणी बघायचो, चौकोन चौकोन झालेलं.
एकदा माळ्याला म्हटलं, पाइप जरा माझ्या घराकडे वळव ना बे.
तो हसला.
मी हसलो नव्हतो.

अठ्ठ्याण्णवची अंतर-रेल्वे फायनल.
एक-एक, शेवटची दोन मिनिटं.
चेंडू पॅट्रिकच्या स्टिकला लागून वळला
आणि माझा डावा पॅड न् खांब यांच्यामधून गेला,
जिथं चहाची बशीसुद्धा अडकली असती.
पेपरात आलं, गोलरक्षक ढोकेची चूक.
दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये पॅट्रिक समोर येऊन बसला.
बोलला काहीच नाही.
आपल्या तर्रीपोह्यातले चणे वेचून
एकेक माझ्या बशीत टाकत राहिला.
त्या गोलबद्दल आमच्यात
आयुष्यभरात तेवढंच बोलणं झालं.

पुढे गुडघा गेला. काळा कोट आला.
प्लॅटफॉर्मवर दारात उभा राहायचो, हात जरा बाजूला,
विनातिकीट पोरं दुसऱ्या बाजूनं निसटायची.
मी बघायचो ती कुठल्या पायावर भार देतात.
बहुतेक वेळा कळायचं. बहुतेक वेळा जाऊ द्यायचो.

गेल्या वर्षी पॅट्रिक गेला.
जरीपटक्याच्या सिमेट्रीत पेटी उघडी होती,
तो उताणा, चेहरा वर.
बराच वेळ पाहिलं, ओळख पटेना.
नाक असं होतं त्याचं?
हनुवटीला खळी होती?
वाटलं कुणी तरी याला जरासं वळवा,
पाठ दिसेपर्यंत,
म्हणजे मला नीट रडता येईल.

कंपनीचे फोमचे पॅड सही करून जमा केले कधीच.
चाचाचे मात्र घरी आहेत, कूलरच्या स्टँडखाली,
त्याचा एक पाय आखूड आहे.
पाणी ठिबकतं, कापूस फुगलाय,
एका शिवणीतून मागच्या पावसाळ्यात
सरकीला कोंब फुटला होता.
शकुननं तो उपटला नाही. आपोआप वाळला.

रात्री कधी कधी डावा पाय फेकला जातो,
तिच्या पोटरीवर बसतो.
आधी चिडायची.
आता डोळे न उघडताच विचारते,
"गेला का?"
मी म्हणतो, नाही. बाहेर गेला.
"मंग झोपा," म्हणते,
आणि कुशीवर वळते,
पाठ माझ्याकडे.