साखळी

आईला फोनवर सांगितलं, बेचाळीस किलोमीटर पळणार आहे,
तर म्हणाली, "अगं, पण मागे कोण लागलंय?"
इचलकरंजीत दुपारचे तीन वाजले होते,
इथे सेलमध्ये खिडकीला धुकं चिकटलेलं,
मला काही उत्तर सुचलं नाही.

मागे मुकुंद लागला होता.
म्हणजे सायकल घेऊन.
नोव्हेंबरपासून दर रविवारी, उजाडायच्या आत,
ब्रिजवॉटर कालव्याच्या काठाने
मी पुढे, तो मागे,
त्याच्या दिव्याचा पिवळा गोळा माझ्या टाचांशी घोटाळत,
आणि साखळी कुरकुरत: कुई, कुई.
तेल घाल रे तिला.
घालतो, म्हणायचा.
मार्च उजाडला तरी घालतोच म्हणत होता.

बोलणं फारसं नसायचं.
एकवीस वर्षांत बोलायचं ते बोलून झालेलं,
उरलेलं गिळून.
टिंपर्लीच्या पुलाखाली तो थर्मास उघडायचा,
कोमट लिंबूपाणी, मीठ जरा जास्तच,
आणि राजगिऱ्याची वडी, हातमोज्यातच मोडलेली.
रानबदकं आमच्यावर फिस्कारायची.
मला ती पटायची.

शेजारच्या मॉरीनने दारातल्या फटीतून
व्हॅसलिनची डबी टाकली, सोबत चिठ्ठी:
काखेत लाव, बोटांच्या बेचक्यात लाव, लाजू नकोस.
ऋजुता लीड्सहून तक्ते पाठवायची,
आई, मंगळवार कोरा का?
मंगळवारी माझी रात्रपाळी असते, बाळा.
रात्रभर मी परक्या गुडघ्यांचे एक्स-रे काढते,
हाडावर हाड टेकलेलं दिसतं,
आणि पहाटे जिन्यात थांबून
स्वतःच्या वाट्या हाताने चाचपते.

फेब्रुवारीत बर्फावर घसरले.
चिखलात बसून रडले, पन्नाशीची बाई, भोकाड पसरून.
तो पुरे म्हणाला नाही.
ऊठ म्हणाला नाही.
सायकल आडवी टाकून शेजारी बसला,
त्याचीही पँट भिजली.

एप्रिलमध्ये शर्यत. सायकलींना मज्जाव.
छातीवर नंबर, नंबराखाली वैजयंती.
ते नाव कुणाच्या जिभेवर वळेना,
शेवटी सगळे म्हणाले, कमॉन, लव्ह!
अनोळखी पोरांनी संत्र्याच्या फोडी दिल्या,
एका आजोबांनी दारात खुर्ची टाकून भांडं बडवलं.
अठराव्या मैलावर ऋजुता,
हातात पुठ्ठा, वेड्यावाकड्या देवनागरीत:
आई, मगे कोण लागलंय?
काना विसरली होती.
बाबा कुठे, विचारलं, तिला ऐकू गेलं नाही.

एकविसाव्या मैलावर संपले.
पाय होते, पण दुसऱ्या कुणाचे तरी,
आणि त्या कुणाला ते परत हवे होते.
पाठीमागे इतके लोक धापा टाकत होते
आणि पाठ रिकामी.
चालू लागले. रस्त्याच्या कडेला थांबणारच होते.

कुई.

कठड्यापलीकडे, फुटपाथवरच्या गर्दीतून,
सॉरी, सॉरी म्हणत सायकल ढकलत येत होता
लाल कानटोपीवाला माणूस.
माझ्याकडे बघतही नव्हता,
बाबागाड्या चुकवण्यातच गुंतलेला.
मी पळू लागले. पळणं कसलं,
पाय उचलून पुढे टाकणं.
कुई, कुई. शेवटच्या वळणापर्यंत,
जिथे त्याला अडवलं.

पाच तास, सव्वीस मिनिटं.

नंतर फुटपाथच्या कडेला बसले
तर तो खाली बसून माझ्या नाड्या सोडू लागला.
मी झटकन पाय मागे घेतले,
आईने लावलेली सवय.
त्याने घोटा धरून पुढे ओढला,
म्हणाला, नख काळं पडलंय.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन.
"मग? गाठलं का त्याने?"
मी जिना उलटी उतरत होते, कठड्याला धरून.
खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं,
सायकल उताणी ठेवलेली,
मुकुंदच्या हातात तेलाची बुधली.

फोन कानाशीच धरून
मी काच वाजवली.
नको, म्हटलं. खुणेनेच.