वेळ्ळम

काल रात्री फोनवर एक मल्याळी सिनेमा लावला.
बाई घुमते. नवरा डॉक्टर आणतो, सासू मांत्रिक,
आणि घरात नेमकं कोण शिरलंय
हे कुणालाच धड सांगता येत नाही.
पडद्यावरच्या खालच्या ओळी मला वाचाव्या लागत नाहीत.
अकरा वर्षं त्रिशूरला सोनं गाळलंय,
ॲसिडच्या धुराबरोबर ती भाषा घशात उतरली.

मध्येच बंद केला.
बाई पाणी मागत होती.

मालनवहिनीला विट्याला आणली ती अमावस्येच्या आदल्या दिवशी.
गलाईवाल्यांचं घर. तीन मजले, वरच्या दोनांत कबुतरं.
सोफ्याचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं,
त्यावर तिला बसवली.
सिदू देवर्षी भाळवणीहून आला मोटरसायकलवर,
डिकीत लिंबं, बिब्बे, वाळकी मिरची.

तिनं केस सोडले, मान टाकली, आणि
उरक्कम इल्ला. उरक्कम इल्ला.

बाया भिंतीला चिकटल्या.
"ऐकलं का? उरकतो म्हणतंय. हिला उरकणार ते."

झोप नाही, म्हणत होती ती.
झोप नाही मला.

मग, वेळ्ळम.
"वेळ मागतंय," देवर्षी म्हणाला, "वेळ द्यायची न्हाई."
आणि धुपाटणं तिच्या नाकाशी धरलं.
माठ माझ्या हाताच्या अंतरावर होता.
पेला पालथा.

"तू ऱ्हायलायस की तिकडं. कुठली बोली ही?"
सगळे माझ्याकडे वळले. दादाही.
मी म्हणालो, बाहेरचं हाय काहीतरी.
मला न्हाई कळत.

भट्टीच्या वरच्या खोलीत तिच्याशी मराठीत
बोलत होतं तरी कोण?
बाळ गेल्यावर तर दादाही नाही.
शेजारची ओमना तेवढी खिडकीतून बोलायची,
गजांतून केळ्याचे काप द्यायची.
मायेची म्हणून जी भाषा राहिली होती,
तीच भूत ठरली.

दीड महिन्यानं मिरज.
डॉक्टरीणबाई वयानं लहान, बोलायला मऊ.
"यांचं कुणाला समजतं का?"
दादा बाहेर पार्किंगला होता. मी खुर्ची ओढली.
झोप नाही. लिहून घेतलं.
पाणी. लिहून घेतलं.
नळ सोडला की बाळ रडतं. तेही.
मग ती माझ्याकडे बघून म्हणाली,
वातिल तुरक्कु.
पेन थांबलं.
मी म्हणालो, नाव असेल. तिकडच्या कुणाचं तरी.

आता बरी आहे. रात्री एक गोळी, सकाळी अर्धी.
भाकरी थापते, मराठी बोलते,
दादाशी फोनवर दोन शब्द.
मला वाढताना ताटाआधी तांब्या ठेवते, भरलेला.
मी वर बघत नाही.

रात्री तिच्या दाराची कडी वाजते.
आतून लावते ती.

त्रिशूरला बाहेरून होती.
दादा सांगायचा.
लावायचो मी.