दुसरा टेक नाही

खिडकी लावू नकोस, कौस्तुभ.
बर्फाच्या कारखान्याची घरघर आत येतेय, येऊ दे.
तो माझा ड्रमर आहे,
आज जरा ढिला वाजवतोय, एवढंच.

सॅक्सोफोनची खालची चावी खाऱ्या हवेनं धरलीय.
खोबरेल सोडलं तरी कधी उघडते, कधी नाही.
मी तिला विचारून वाजवत नाही,
अडली की तिथूनच वळतो.

काल वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर अकरा माणसं होती.
सात उठून गेली.
उरलेल्यांत सांतान, दोन्ही कान गेलेला,
होडीच्या फळीवर तळवा टेकून बसला शेवटपर्यंत.
त्याच्यासाठी खर्जातले सूर लांबवत राहिलो,
माझाच दम संपला.
तो तळवा तुझ्या यंत्रात कुठून येणार?

तरी लाव तुझा लाल दिवा.
सुकट काही वाईट नसते रे,
होड्या वर ओढल्या की
तीच घशाखाली भात उतरवते.
फक्त तिला पोहायला सांगू नकोस.

पुन्हा तसंच वाजवा, म्हणालास.
तसंच म्हणजे कसं?
मघाशी ती शेवाळलेली पायरी उघडी होती.
आता दाखव बघू कुठंय.

थांब.
चावी सुटली वाटतं.
एक-दोन-तीन मोजू नकोस,
चालू कर.