ढिवर बुडत नसते

बोडीत उतरलं की हात-दोन हात पाणी कोमट,
त्याखाली एकदम गार.
हे मी पाचव्या वर्षी शिकलो, शिंगाड्याच्या वेलात पाय अडकून.
समुद्रात त्या गार रेषेला इंग्रजी नाव आहे,
पर्यटकांकडून पैसे घेऊन तेच शिकवतो मी आता.

अठ्ठावीस मीटरवर जहाज एका कुशीवर पडलंय.
लढाईतलं. पोटाला भोक,
बंडी बैलांसकट आत जाईल एवढं.
मी पुढं, मागं चौघं, हातात टॉर्च,
नियम एकच: बघायचं, उचलायचं नाही.

दसरू वलथरे, माझ्या आज्याचा बाप.
भंडाऱ्याच्या भरतीत साहेबानं विचारलं, पोहता येते का?
रांगेतले सगळे ढिवर हसले म्हणे.
मग त्याच्या हाती दिलं फावडं,
आणि जागा बॉयलरपुढची,
पाण्याच्या पातळीखाली, लोखंडाच्या आत,
जिथं पोहणं कोणाच्या कामाचं नाही.

तार आली तेव्हा रोवणी सुरू होती.
मास्तरांनी बांधावरून वाचली, पुन्हा वाचली.
जानका चिखलातून वर आलीच नाही.
"ढिवर बुडत नसते जी," एवढंच बोलली,
"दुसऱ्या कोणाची असन."
आणि रोपाची पुढची पेंडी सोडली.

बोडीतल्या मासोळीत दसरूचा वाटा
गावानं एकोणीस वर्षं काढला.
मग पंच बदलले.

हे जहाज त्याचं नाही.
कागद पाहिलेत मी. साल जुळत नाही, झेंडाही नाही,
हे तर समोरच्यांचं.
त्याचं जिथं असेल
तिथवर माझ्या टाकीतली हवा पुरायची नाही.
तरी बॉयलरच्या दाराशी
दर वेळी एक श्वास जास्त थांबतो.
आत फावडं आहे. दांडा किड्यांनी खाल्ला, पातं उरलंय.
पात्यामागं एक मासा राहतो, तोंड मरळीसारखं.
माझ्या बुडबुड्यांना वैतागून मागं सरतो,
जागा सोडत नाही.

सीझन संपला की मे महिन्यात घरी.
बाबांना मोबाईलवर दाखवलं सगळं,
हिरव्यात काळं, त्यात माझाच श्वास खरखरणारा.
चष्मा पुसत शेवटपर्यंत पाहिलं त्यांनी.
वाटलं, आता विचारतील.
"मासोळी लय मोठी हाये बे," म्हणाले,
"कोणाच्या वाट्याची?"

तिथं जाळं टाकत नाहीत, मी सांगितलं.
"काहून?"

उत्तर होतं माझ्याजवळ, कायद्याचं.
पण तोवर बोडीवर हाकारा झाला,
पाणी गुडघ्याला आलं होतं, वाटे पडत होते,
ते परडी घेऊन निघाले. मी मागं.
आमचा वाटा पडला. झिंगे, दोन मरळी, चिल्लर बोटवे.
बाबा हलले नाहीत.
"आणखी एक टाक," म्हणाले, "दसरूचा."

पंच माझ्याच वर्गातला.
"कोणता दसरू जी?" त्यानं विचारलं,
पण हात त्याचा
तोवर टोपल्यात गेला होता.