पाचवा दिवस मोकळा

तिकिटं स्रवंतीनं पाठवली, भोसरीहून,
फोनवरच, दोन्ही खालचे बर्थ.
तेव्हापासून ह्यांनी सूतवाल्याची डायरी काढलीय,
मागच्या सालची, कोरी राहिलेली,
आणि छापील तारखा खोडून लिहिलंय:
दिल्ली. दिवस पहिला.

एकतीस वर्षं मागापाशी उभा राहिलेला माणूस
बसून लिहायला लागला की पेनसुद्धा ताणून धरतो,
धागा तुटेल म्हणून.
लिहितात मराठीत, दिवस मोजतात तेलुगूत,
ओकटी, रेंडु, मूडु,
आणि बोटं संपली की माझ्या बोटांवर येतात.

कुतुबमिनार सकाळी, असं आगलावे सर म्हणाले,
गर्दी नसते, सावली लांब पडते.
चांदणी चौकात पराठे, एक तास.
सोमवारी लाल किल्ला बंद असतो
हे ह्यांना कळलं बुधवारी रात्री अकराला,
मग अख्खा आठवडा उसवून पुन्हा विणायला घेतला.
मला हलवून उठवलं,
"अगं, सोमवार फसला."
नीजा म्हटलं, किल्ला कुठं पळतोय.

माझा हिशेब वेगळा.
जाऊन-येऊन दहा दिवस, म्हणजे दहा हजार विड्या.
कार्डावर खाडा. मुकादमीण तोंड वाकडं करणार,
करू दे.
कडक भाकरी तीस, डब्यात उभ्या.
शेंगाचटणी पाऊण किलो, कोरडी.
एक चादर जादा, तिथं फेब्रुवारीत गारठा असतो,
आणि गारठ्याला आपण घाबरायचं म्हणजे
हलवायाच्या पोरानं साखर उसनी आणायची.

पण दहा दिवसांत नळाचे दोन दिवस येतात.
कधी पहाटे तीनला, कधी भर दुपारी,
सांगून येत नाही आमच्या पेठेत पाणी.
समोरच्या शाहीनभाभीकडं किल्ली दिली,
दोन बॅरल, एक टाकी, वरची कळशी.
"भरशील ना? तुला काय आणू तिकडनं?"
ती पदराला हात पुसत म्हणाली,
"काही नको. तिथं नळाला रोज येतं का,
तेवढं बघून ये."

ह्यांना वेगळीच काळजी.
"हॉटेलातला टॉवेल आपल्याच गावचा निघाला तर?"
काठ उलटून बघणार म्हणे,
माग कुठला, जॉबर कोण, तेही सांगेन म्हणे.
मग काय कराल?
थोडा वेळ गप्प.
"काय करणार. अंग पुसेन."
आपल्या घरात कायम सेकंडचा माल,
एका बाजूनं दशा सुटलेला.
पहिल्या नंबरचा आयुष्यभर
गठ्ठ्यात बांधून दुसरीकडं गेला.

काल रात्री डायरी माझ्यापुढं सरकवली.
"पाचवा दिवस मोकळा ठेवलाय. तू भर."
तंबाखूचा वास बोटांना, तशीच पेन धरलं.
इतका मोठा दिवस
आजवर कुणी माझ्या हातात दिला नव्हता.
राष्ट्रपती भवन लिहावं? बाजार?
भाच्यांना बांगड्या, ते तर कुठल्याही दिवशी होईल.
बराच वेळ झाला, ह्यांनी दोनदा जांभई दिली.
मग लिहिलं:
सकाळी आंघोळ. तांब्या न मोजता.
त्यानंतर बघू.

वाचून हसले नाहीत.
"दिल्लीतही टंचाईच असते म्हणे उन्हाळ्यात."
आपण उन्हाळ्यात कुठं जातोय, मी म्हटलं,
आणि टंचाई म्हणजे किती, तेही बघू की.

तेवढ्यात बोळातून शाहीनभाभीची हाक,
आलंऽऽ, आलं पाणी!
डायरी पाटावर तशीच उघडी.
मी घागरी उचलल्या, आणि हे
पेनचं टोपण दातात धरून
बॅरलला पाईप लावायला वाकले.