मेंढीच्या बदल्यात वीट

गुरुवारी आठनंतर माझ्या लॅबमध्ये
कुणाचेही दात तयार होत नाहीत.
मोटार बंद.
प्लास्टरचे जबडे फळीवर, तोंडं भिंतीकडे
(योहान म्हणतो, नाहीतर ते आपले पत्ते बघतात),
आणि बाकावर हिरवं फेल्ट.

खाली रावपुऱ्यात शटर पडतायत, एक वरात अडकलीय.
वर आम्ही चौघं एका बेटावर.
दोन नद्या, एक बंदर, मीठ, वीट, मेंढी.
हेमांगिनी दिघे दिवसभर कोर्टाबाहेर मुद्रांक विकते,
तिथे भाव ठरलेले.
इथे ती मोकळी सुटते:
‘दोन मेंढ्या, एक वीट. नाही? मग बस उन्हात.’

नियमपुस्तक माझ्याकडे.
जर्मनमधून इंग्रजीत आलेलं,
इंग्रजीतून माझ्या तोंडी मराठीत,
योहान ख्रिश्चनसाठी पुन्हा गुजरातीत.
चौथ्या भाषेपर्यंत पोचता पोचता
एखादा दंड माफ होतो.
आमचा स्वतःचा नियम एकच:
सेव उसळीच्या बोटांनी पत्त्याला हात लावायचा नाही.

एकोणीस मेंढ्या होत्या. एक हरवली,
तर्रीच्याच रात्री, बहुतेक कागदाबरोबर गेली.
मी मेणात कोरली, अ‍ॅक्रिलिकमध्ये ओतली
हिरडीच्या गुलाबी रंगात,
कारण तोच डबा उघडा होता.
आधी ती कुणी घेईना.
आता हेमांगिनी तिच्या तीन विटा मागते
आणि मिळतात.

मृगांक चांदोरकरचं वेड निराळं. पत्ते.
अकरा वर्षांचे, प्रत्येक प्लास्टिकच्या झग्यात.
नवं पाकीट फोडलं की आधी वास घ्यायचा,
मग डोळे मिटून एकेक सरकवायचा.
‘काजळडोहाचा राखणदार’ मिळाला तेव्हा
त्याने आम्हाला लिलो चिवडा खायला घातला
आणि पत्ता दुरूनच दाखवला.

श्रावणात त्याने सगळे विकले.
आम्ही कारण विचारलं नाही.
मकरपुऱ्यातली त्याची कंपनी बंद झालेली,
घरी आठवा महिना.
सुरतेहून एक पोरगा आला,
हातमोजे घालून, भिंगातून कोपरे बघत,
माझ्याच बाकावर माझ्याच दिव्याखाली.
राखणदाराच्या एका कोपऱ्याला केसाएवढी चीर निघाली.
त्याचे त्याने आठशे कापले.
मृगांक म्हणाला, झगे राहू देत माझ्याकडे.

पुढच्या गुरुवारी तो आला तो थेट टेबलाशी.
‘तुझ्या जुन्या चिठ्ठ्या दे. पाठकोऱ्या.’
मी गठ्ठा सरकवला.
त्याने साठच्या साठ पत्ते आठवणीने लिहिले:
नाव, किंमत, ताकद,
खालचं ते बारीक तिरक्या अक्षरातलं वाक्यसुद्धा,
जे आजवर कुणी वाचलेलं नव्हतं.
चित्रं नाहीत. राखणदाराला फक्त
एक डोळा काढला, पेन्सिलीने, तोही तिरळा.
योहान म्हणाला, स्पर्धेत हे चालत नाही रे.
हेमांगिनी म्हणाली, पिसणार कोण?

तिसऱ्या डावाला त्याने राखणदार टाकला.
हेमांगिनीची सोनेरी कडेची राणी,
अस्सल, शिक्क्याची, नऊशेची,
एका चिठ्ठीपुढे मेली.
तिने ती चिठ्ठी उचलली, दिव्याशी धरली,
पाठीमागचं मोठ्यांदा वाचलं:
‘टिपणीस बाई, प्रतापनगर. वरची डावी दाढ.
छटा ए-तीन. शुक्रवार सकाळ.’
‘कुठला शुक्रवार?’
कुणी बोललं नाही.
मी तारीख पाहिली. उद्याचा.

ते वापरून झालेल्या चिठ्ठ्यांत कशी गेली,
ते मला विचारू नका.
मी उठलो. मोटार लावली.
फळीवरून बाईंचा जबडा उतरवला,
तोंड दिव्याकडे केलं.
‘चिठ्ठी हवी का परत?’ मृगांकने विचारलं,
हात पत्त्यावर तसाच ठेवून.
नको, म्हटलं, वाचलीय मी. राखणदार राहू दे तिथेच.
माझी पाळी आली की हाक मारा,
जरा मोठ्यांदा.