दहा झोके

दुसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडे
ट्रान्सफॉर्मर आणि गणेश मंडळाचं शेड
यांच्यामध्ये जे उरलं, ते गार्डन.
दोन झोपाळे, त्यातल्या एकाची साखळी तुटलेली,
म्हणजे एकच झोपाळा.
घसरगुंडी तीनपर्यंत तव्यासारखी,
पाचला चड्डीतून सोसेल इतपत.
सीसॉच्या एका टोकाला कुणीतरी
तीन विटा बांधून ठेवल्यात,
एकट्या येणाऱ्या पोरासाठी असतील.
फाटकावरच्या पाटीचा रंग एवढा उडालाय
की ती आता कुठल्याच भाषेत नाही.
फुलं तोडू नका, असं असावं.
फुलं नाहीत.

आम्ही साडेचारला निघतो, पाचला पोचतो.
अंतर चार मिनिटांचं.
बाकीची मिनिटं कस्तुरीच्या केसांच्या क्लिपा,
ओजसचं डावं सँडल,
आणि गेट पडलं तर
मिरजेकडं जाणाऱ्या मालगाडीचे डबे.
ओजसला दोनपर्यंतच येतं.
तो सगळी मालगाडी दोन-दोन करत संपवतो.

आज झोपाळ्यावर सिंचना होती.
दोन वेण्या, कपाळावर विभूतीची पुसट रेघ
आणि उतरणार नाही असा चेहरा.
कस्तुरी म्हणाली, "बस झालं की आता, उतर."
सिंचनाला कळलं नाही,
किंवा कळलं आणि परवडलं नाही.
मी बाकावरून अर्धी उठले, परत बसले.
माझं कन्नड भाजीवालीपुरतं :
केवढ्याला, कमी कर, पिशवी नको.
त्यात झोपाळा मागता येत नाही.
पलीकडच्या बाकावर तिचे आजोबा
टोपी काढून डोकं खाजवत होते.
त्यांचं मराठीही बहुतेक तेवढंच असावं.
आम्ही एकमेकांकडं बघून हसलो,
हसण्यासारखं काही नसताना हसतात तसं.

तोवर पोरींनी बोटं दाखवून मिटवलं होतं.
दहा तुझे, दहा माझे.
मोजायचं शाळेतल्या आकड्यांनी :
वंदु, एरडु, मूरु, नाल्कु...
सिंचना सहावर आली
की गुपचूप चारवर परत जायची.
दुसऱ्यांदा कस्तुरीनं पकडलं.
"एळु! आता एळु!"

एळु.
शहापुरात, हातमागांच्या आळीत
आमच्या भाड्याच्या खोलीला लागून
इराक्काची खोली. मधली भिंत पातळ.
रोज पहाटे तिचा आवाज :
"महांतेश, एळु. एळु. एळु."
मी गोधडीत पडून विचार करायची,
ही बाई रोज सातावरच का अडकते,
आणि महांतेश नेमकं काय मोजतोय.
कितीतरी वर्षांनी, बँकेत लागल्यावर,
कॅश काउंटरवरच्या गंगव्वानं सांगितलं :
सातही तोच, आणि ऊठही तोच.
मी नोटांचं बंडल मोजत होते.
परत पहिल्यापासून मोजावं लागलं.

साडेसहाला बाळाप्पानं शिट्टी फुंकली.
तो पंपाच्या खोलीमागं मेथी लावतो,
तिला पाणी देऊन झालं की गार्डन बंद.
ओजस तेवढ्यात वाळूत आडवा झाला.
हात पसरून, पोट वर करून,
घरी न जाण्याच्या तयारीनं.
मी ओढलं. मी चॉकलेटचं कबूल केलं.
मी पोलिसाचं नाव घेतलं,
जे घ्यायचं नाही असं ठरवलं होतं.

सिंचना आजोबांचा हात सोडून आली.
उकिडवी बसली. त्याच्या कोपराखाली हात घालून,
मोठ्या बाईसारखी म्हणाली,
"एळु. एळु, मरी."
तो आश्चर्यानंच उठून बसला.

आणि झोपाळ्यावरून,
पायानं वाळू उडवत, डोळे मिटून,
आपला हिशेब जराही न सोडता
कस्तुरी म्हणाली, "एंटु."

नववा बाळाप्पानं साखळी धरून थांबवला.
दहावा उद्या, असं ठरलं,
कुठल्या भाषेत ते मला ऐकू आलं नाही.
मी वाळूत गुडघ्यांवर होते.
डावं सँडल अजून सापडलं नव्हतं.